बनुबाईचा जबाब

माझ्या सेवा केंद्रातून गेलेला अर्ज परत येत नाही, असं काष्टीत कुणालाही विचारा. सातबारा असो, उत्पन्नाचा दाखला असो, नाहीतर पीकविमा असो, तालुक्याला चकरा मारून वैतागलेलं माणूस माझ्याकडे येतं आणि चहा संपायच्या आत मोकळं होतं. मी फुशारकी मारते असं माझे यजमान म्हणतात. मारते. काम चोख असेल तर मारायला काय हरकत आहे? म्हणून माझ्या सख्ख्या भावजयीचा अर्ज अडकला तेव्हा मला आधी राग आला, काळजी नंतर वाटली.

भावजय म्हणजे इरोमी. श्रीलंकेतल्या कुरुनेगलाची. माझा धाकटा भाऊ कानिफनाथ मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता आणि ती तिथल्याच एका बेकरीत केक करायची. बेकरीचं शीतकपाट बिघडलं म्हणून कानिफ गेला. ते दुरुस्त झाल्यावरही तो जातच राहिला. शेवटी बेकरीच्या मालकाने विचारलं, बाबा, तुला नक्की काय दुरुस्त करायचंय? मग दोघांनी घरी सांगितलं.

आमच्या आईने, मनकर्णाबाईंनी, आधी तोंड फिरवलं. परदेशी पोरगी, भाषा वेगळी, देव वेगळा, नातेवाईक विचारतील त्यांना काय सांगायचं? मग एकदा व्हिडिओ कॉलवर इरोमी नारळ खवताना दिसली. आईने बराच वेळ तिचे हात पाहिले आणि म्हणाली, "पोरगी कामाची हाय. हिला आनायला हरकत न्हाई." आमच्या घरात मोठे निर्णय असेच होतात.

कानिफ मस्कत सोडून घरी आला, नागापूरच्या कारखान्यात लागला आणि इरोमी पाहुणी म्हणून व्हिसा काढून आली. रीतसर नोटीस देऊन नगरला दोघांचं नोंदणी लग्न झालं. तिची आई आणि भाऊ आले होते, त्यांनी आमचं पिठलं कौतुकाने खाल्लं आणि रात्रभर पाणी प्यायले. घरी आल्यावर इरोमीने माप ओलांडलं आणि आईने ताटात तांदूळ पसरले. सून आली की आमच्याकडे तिचं नाव बदलतात. नवरा अंगठीने तांदळात नवं नाव लिहितो, सगळे ते मोठ्याने वाचतात आणि पेढे वाटले जातात. माझंही बदललं होतं, पण ते टिकलं नाही, कारण सासूबाई सोडून कुणी हाक मारलीच नाही. आईने इरोमीसाठी ज्ञानेश्वरी हे नाव काढून ठेवलं होतं. कानिफने ते तांदळात लिहिलं, गल्लीने टाळ्या वाजवल्या.

इरोमी हसली, सगळ्यांच्या पाया पडली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच हिंदीत म्हणाली, "अक्का, पुराना नाम किधर जाता?"

मोठ्या बहिणीला त्यांच्याकडेही अक्काच म्हणतात. पहिल्या दिवसापासून मी तिची अक्का.

"कागदावर राहतं," मी म्हटलं.

ते कागदावर राहिलं आणि गावातून गेलं. हेट्टिआरच्चिगे इरोमी दिल्हानी हे पासपोर्टवरचं अख्खं नाव गल्लीत कुणी ऐकलंही नव्हतं. ती सगळ्यांची ज्ञानेश्वरी झाली. तिला स्वतःला ते नाव नीट म्हणताही यायचं नाही.

लग्न झालं तरी पाहुणीचा व्हिसा पाहुणीचाच असतो. इथे बायको म्हणून राहायचं तर वेगळा अर्ज करावा लागतो. तो मी भरला. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, दोघांचा फोटो, आईच्या नावाचं लाईट बिल, कानिफचं हमीपत्र, सगळं जोडलं. राहिली होती फक्त पोलिसांची चौकशी, म्हणजे बाई खरोखर नवऱ्याच्या घरी नांदते की नाही हे पाहणं. नांदते! आठ महिने आमच्या आईच्या हाताखाली नांदून दाखवलंय तिने. यात तपासण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं होतं.

आणि मग एका दुपारी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर उत्तर आलं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचे चौकशीत आढळले. आठवड्यात खुलासा करावा, अन्यथा अर्ज नामंजूर होईल आणि अर्जदारास देश सोडावा लागेल.

इरोमी माझ्या शेजारीच बसली होती. दुपारी ती केंद्रात येऊन झेरॉक्स काढून द्यायची. मी तिला मजकूर समजावून सांगितला. तिने स्वतःच्या मांडीवर हात ठेवून पाहिला, जणू आहे की नाही याची खात्री करत होती.

"म्हणजे मी इथं न्हाई?" ती म्हणाली.

"आहेस. मी बघते," मी म्हटलं आणि शटर ओढलं.

पोलीस ठाण्यातल्या ज्या हवालदारांनी चौकशी केली होती ते सरळ माणूस निघाले. ते चिडलेही नाहीत. म्हणाले, "ताई, मी स्वतः आलो होतो. बाजारचा दिवस होता. साध्या कपड्यात आलो, म्हणजे लोक घाबरत नाहीत. वाल्मिकच्या चहाच्या टपरीवर नाव विचारलं. दहा-बारा माणसं होती, सगळ्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, असल्या आडनावाची माणसं काष्टीत न्हाईत, तुमी लोणीला बगा."

त्यात कुणाचा दोष नव्हता. बाजारच्या दिवशी आई आणि इरोमी बाजारात, कानिफ नागापूरच्या कारखान्यात, घराला कुलूप.

"मग मी शेजारी विचारलं," हवालदार म्हणाले. "त्या आजींना मोबाईलवर फोटोच दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, ह्या बाईला म्या जल्मात पायलं न्हाई. आणि ह्ये घर कायम बंदच असतंय. आता मी काय लिहिणार?"

शेजारच्या आजी म्हणजे बनुबाई. माझ्या डोक्यात सणक गेली.

बनुबाई आईच्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहते. पोरं पुण्याला, नवरा केव्हाच गेला, सोबतीला चार शेळ्या. इरोमी आली तेव्हा तिला मराठी कुणी शिकवलं? आईने नाही, कारण आई शिकवायच्या आधीच रागावते. बनुबाईने शिकवलं, ओट्यावर बसून, शेंगा फोडता फोडता. माझ्या भावजयीच्या तोंडातला प्रत्येक 'लई' आणि प्रत्येक शिवी बनुबाईची आहे. हिवाळ्यात म्हातारी घसरून पडली, मनगट मोडलं, तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत इरोमी रोज सकाळी तिच्या केसांना तेल लावून अंबाडा घालून द्यायची. बनुबाई रोज म्हणायची, घट्ट बांद गं, सैल बांदतीस. इरोमी रोज घट्ट बांधायची आणि बनुबाई रोज म्हणायची, लई घट्ट बांदलंस.

मग शेळीचं प्रकरण झालं. इरोमीच्या माहेरी भातात रंपे नावाची लांब हिरवी पात टाकतात, तिने भाताला सुंदर वास येतो. ती पात इथे मिळेना. शेवटी कानिफने पुण्याच्या एका नर्सरीतून रोप आणलं. इरोमीने ते भिंतीशी लावलं, सकाळ-संध्याकाळ पाहिलं, नवी पात फुटली की मला फोन केला. आणि बनुबाईच्या शेळीने एका दुपारी ते मुळासकट खाल्लं.

इरोमी रडली नाही. भिंतीपाशी उभी राहून तिने बनुबाईला बनुबाईच्याच शिव्या दिल्या. बनुबाई म्हणाली, "येका पाल्यासाठी म्हातारीला बोलतीस? शेळीला काय कळतंय त्ये लंकेचं हाय का इतलं?" तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. म्हणजे हवालदार फोटो घेऊन दारात आले तेव्हा बनुबाईच्या मनात काय असेल, हे मला सांगायची गरज नव्हती. शेळीवरून बोलली म्हणून सून देशाबाहेर घालवायची? माणसाने किती खाली जावं!

मी ठाण्यातून थेट तिच्या दारात गेले. ती शेळ्यांना पाला टाकत होती.

"तुम्ही पोलिसाला काय सांगितलं?" मी आवाज चढवूनच विचारलं.

"सांगितलं त्ये सांगितलं."

"जन्मात पाहिलं नाही म्हणालात?"

"व्हय, म्हनले."

"लाज वाटली नाही? त्या पोरीने तुमचे केस विंचरले! तिला आता घालवून देतील, कळतंय का? एका शेळीपायी?"

बनुबाईने पाल्याचा भारा खाली टाकला. ती काहीतरी बोलणार होती. पण मी थांबले नाही. मला थांबता येत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी तिच्या पोरांवरून बोलले, तिच्या एकटेपणावरून बोलले, नको ते बोलले. म्हातारीने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

"तुझं झालं का?" आई भिंतीपलीकडून म्हणाली. "आता काय करायचं त्ये सांग. वरडून व्हिसा मिळत न्हाई."

मी घरात गेले. इरोमी चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिची भाकरी अजून गोल होत नाही, पण ती थापायचं सोडत नाही. कानिफ कामावरून येऊन डोकं धरून बसला होता. तो म्हणाला, होऊ दे नामंजूर, मी तिच्याबरोबर कुरुनेगलाला जातो. पीठ मळणाऱ्या आईचा हात परातीतच थांबला.

"कुनी कुटं जानार न्हाई," इरोमी म्हणाली. "अक्का हाय."

आता एवढा विश्वास टाकल्यावर मी गप्प बसेन का? मी खुलासा लिहिला. नगरच्या पोलीस कार्यालयात परदेशी लोकांचे अर्ज बघणाऱ्या मॅडमना फोन लावला आणि शेजारपाजारच्या माणसांना जबाबासाठी घेऊन येते म्हटलं. त्या म्हणाल्या, आणा, शुक्रवारी.

मी गल्ली पालथी घातली. पोलिसांपुढे सही करायची म्हटल्यावर माणसं पोटदुखी, पाहुणे, पाणी धरायचंय, असली कारणं काढतात. पण यातल्या प्रत्येकाचं काही ना काही काम माझ्याकडून झालेलं आहे, आणि ते मी आठवून दिलं. टपरीवाला वाल्मिक तयार झाला. दूध डेअरीवाले आबासाहेब तयार झाले. समोरच्या मुबारकबी म्हणाल्या, "ती माझ्या नातीच्या वाढदिवसाला केक करती, मी नाय येनार तर कोन येनार?" त्यांच्या घरचे गनीभाई टेम्पो काढायला तयार झाले. टेम्पो कांद्याचा. त्यात माणसं बसवायची नसतात हे मला माहीत आहे. पण शुक्रवारी सकाळी एसटीची वाट बघत बसायला आमच्याकडे वेळ नव्हता.

आईसकट सगळे चढले. गनीभाई फळका लावणार, तेवढ्यात बनुबाई आली. धुतलेलं नऊवारी, पायात चपला, हातात पिशवी. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गनीभाईंनी हात दिला आणि ती वर चढून एका कोपऱ्यात, गोणपाटावर बसली.

"तुम्हाला कुणी बोलावलंय?" मी म्हटलं.

"माजी बाजू मला मांडायची हाय. तू कोन इचारनार?"

इरोमी पुढे कानिफशेजारी बसली होती. तिने मागे वळून पाहिलं आणि परत तोंड फिरवलं. मी वाद घातला नाही. वाटेत उतरवायची म्हटलं तरी लोकांनी मलाच नावं ठेवली असती.

माझी योजना पक्की होती. घोळ नावाचा झालाय ना? मग नाव पाठ करायचं. लोणी व्यंकनाथ मागे पडलं तसं मी सुरू केलं. "म्हणा, हेट्टि-आरच्चिगे!" सगळ्यांनी म्हटलं. "इरोमी दिल्हानी!" सगळ्यांनी म्हटलं. टेम्पो खड्ड्यात आपटायचा आणि 'आरच्चिगे' प्रत्येक वेळी दोन तुकड्यांत बाहेर यायचं. आबासाहेबांनी टाळ्यांचा ठेका धरला. मुबारकबींना पहिल्याच फटक्यात आलं, त्या बाकीच्यांना शिकवायला लागल्या. अरणगाव येईपर्यंत माझी सगळी माणसं झोपेतून उठवलं तरी ते नाव म्हणतील इतकी तयार झाली होती. बनुबाईने एकदाही तोंड उघडलं नाही. कार्यालयाच्या दोन वळणं अलीकडे गनीभाईंनी टेम्पो थांबवला आणि आम्ही सज्जन नागरिकांसारखे चालत गेलो.

मॅडम पन्नाशीच्या, बारीक चष्म्यातून वर बघणाऱ्या. समोर इरोमीची फाईल. त्यांनी एकेकाला पुढे बोलावलं.

"या बाईंना ओळखता?"

"व्हय," वाल्मिक म्हणाला.

"नाव काय यांचं?"

"हेट्टिआरच्चिगे इरोमी दिल्हानी," वाल्मिक एका दमात म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला.

मॅडमनी भुवई उचलली. आबासाहेब आले, तेच नाव, तोच दम. मुबारकबी आल्या, त्यांनी तर उच्चारही इरोमीसारखा केला. चौथ्या माणसाला मॅडमनी मध्येच थांबवलं आणि पेन खाली ठेवलं.

"सुकन्याबाई, मी बावीस वर्षं नोकरी करतेय," त्या म्हणाल्या. "माझ्या शेजारणीचं आडनाव मला लग्नाची पत्रिका आल्यावर कळलं. इथे टपरीवाल्यापासून सगळ्यांना पासपोर्टवरचं अख्खं नाव पाठ आहे. आणि याच टपरीवाल्याने चौकशीत सांगितलं होतं, या नावाचं कुणी नाही. तुम्ही ही माणसं पढवून आणलीत."

माझ्या हुशारीनेच मी माझ्या भावजयीची वाट लावली होती. कानिफचा चेहरा पांढरा पडला. खरं नातं खोटं दिसत होतं, आणि ते मी दाखवलं होतं.

"मला न्हाई येत त्ये नाव," मागून आवाज आला.

बनुबाई पिशवी सांभाळत पुढे आली आणि कुणी बस म्हणायच्या आधी खुर्चीत बसली.

"आजी, तुम्ही कोण?"

"मी बनुबाई. हिच्या भितीला भित लावून ऱ्हाती. त्ये पोलीस आले तवा 'जल्मात पायलं न्हाई' म्हननारी मीच."

"मग आज कशाला आलात?"

"त्ये खोटं हुतं ह्ये सांगाया."

मॅडम मागे टेकल्या. "आणि खरं काय?"

"खरं ह्ये, का ही बया आट म्हैने माज्या शेजारी ऱ्हातीया आणि माजं डोकं उटवतीया. सकाळच्या पारी येडंवाकडं गानं म्हनती. कोरड्यासात नारळाचं दूद घालती, आन वर मलाच म्हनती खाऊन बगा. माजी शेळी तिचा पाला खाऊन ग्येली तर मला म्हनली, तुज्या शेळीला—"

"म्हनले!" इरोमी उठली. तिचे डोळे लाल झाले होते. "लई बारी म्हनले! तो माझा रोप हुता! कानिनं पुन्याहून आनला हुता! रोज पानी घातलं! आनि तुमी एकदा बी म्हनला न्हाई, चुकलं म्हनून! मी तुमचा केस बांदला, थंडीत, रोज! आनि तुमी पोलिसाला म्हनता, पायलं न्हाई? मी कोन हाय मग?"

"गप गं! केस बांदलास त्ये काय उपकार केलास? सैल बांदायचीस!"

"घट्ट बांदला की म्हनायची घट्ट!"

कार्यालयातला शिपाई दारात येऊन उभा राहिला. मॅडमनी त्याला हाताने थांबवलं. दोघी हातभर अंतरावर समोरासमोर, दोघींचा उजवा हात कमरेवर. इरोमी तो हात तसा ठेवायलाही बनुबाईकडूनच शिकली होती, हे मला त्या क्षणी दिसलं.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "तुमचं हिच्याशी भांडण होतं. म्हणून तुम्ही खोटं सांगितलंत?"

"न्हाई वो!" बनुबाई त्यांच्याकडे वळली. तिला तो प्रश्नच चुकीचा वाटला होता. "भांडन हाय म्हनून कशाला? अवो, नातवानं मला मोबाईलात दाखवलं हुतं, दुसऱ्या देशाच्या मानसाला गाडीत घालून नेत्यात आणि सीमेवर सोडत्यात. दोन दिस ग्येलं आनि ह्ये पोलीस दारात, हिचाच फोटू घेऊन. मला वाटलं, हिला न्यायाच आल्यात. घरी कुनी न्हाई. मी येकटी. म्या काय करावं? म्हनलं, पायलीच न्हाई. घर बी बंदच असतंय म्हनलं, म्हंजी परत येऊने."

बनुबाईचा आवाज खाली आला.

"भांडन मिटवायचंच हुतं मला. पर ती ग्येली असती तर कुनाशी मिटवू, सांगा की."

इरोमीचा कमरेवरचा हात सुटला. दारात उभी राहून मी या बाईला काय काय बोलले होते! आणि तिने एका शब्दानेही सफाई दिली नाही, कारण मी मध्ये जागाच ठेवली नव्हती. मला तिच्या पायावर पडावंसं वाटलं. पण त्यासाठीही तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग कोरा कागद ओढला. "आजी, तुम्ही आत्ता जे बोललात ते सगळं लिहिते. शेळीसकट. चालेल?"

"शेळीचं कशाला?"

"शेळीचंच महत्त्वाचं आहे."

जबाब लिहून झाला. मॅडमनी वाचून दाखवला. बनुबाईने दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, दोन्ही शेळीच्या बाजूने. मग सही करायला पेन हातात घेतलं आणि तशीच थांबली.

"ह्यात हिचं नाव लिवलंय न्हवं? मला न वाचता येनारं, न म्हनता येनारं, त्याखाली सही कशी करू? ए, हिकडं ये." तिने इरोमीला हाताने जवळ बोलावलं. "तुज्या आईनं तुला काय नाव ठिवलंय गं? ह्यांच्यागत भसाभसा न्हाई. हळू सांग."

आठ महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मी अर्जात ते नाव कितीदा टाईप केलं होतं, टेम्पोभर लोकांकडून घोकून घेतलं होतं. तिला विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

इरोमी खुर्चीशी खाली बसली. "इरोमी," ती म्हणाली.

"इ-रो-मी," बनुबाई म्हणाली. "बरंय की. सोपं तर हाय. मग त्ये ग्यानेसरी कशाला काडलं मनकर्णेनं?"

आणि तिने सही केली. ब, नु, बा, ई, प्रत्येक अक्षराला श्वास घेत. मॅडमनी बाकीच्यांचे जबाब पुन्हा घेतले, या वेळी आपापल्या शब्दांत. वाल्मिक म्हणाला, ही बिनसाखरेचा चहा पिते. मुबारकबींनी केकचं सांगितलं. आई सगळ्यात शेवटी गेली आणि म्हणाली, "माजी सून हाय. भाकरी वाकडी करती. पर करती."

परत येताना इरोमी पुढे बसली नाही. गोणपाटावर बनुबाईच्या शेजारी बसली. बनुबाईने पिशवीतून शेंगा काढल्या आणि दोघी फोडत राहिल्या. चिखलीचा घाट उतरला तेव्हा बनुबाई अंबाडा सोडून म्हणाली, "ह्ये बांद जरा. वाऱ्यानं इस्कटलाय. सैल नको बांदू."

महिन्याभराने व्हिसा आला. माझ्याच कॉम्प्युटरवर आला. मी पेढे आणले आणि आईने माझ्या हातातला डबा घेऊन ठेवून दिला. "थांब," म्हणाली आणि ताटात तांदूळ पसरले. कानिफला अंगठी काढायला लावली आणि म्हणाली, "तिच्या आईनं ठिवलेलं लिव."

गल्ली पुन्हा गोळा झाली. या वेळी टाळ्या कमी पडल्या, कारण बऱ्याच जणांना हे नवीन नाव ठेवणं आहे की जुनं परत घेणं, ते कळेना. मुबारकबींनी समजावून सांगितलं. बनुबाई हजर नव्हती. शेळ्या सुटल्या होत्या म्हणे.

कानिफने नवं रंपेचं रोप आणलंय. इरोमीने ते भिंतीवर, उंच, तारेच्या जाळीत ठेवलंय. रोज दुपारी माझ्या केंद्रापर्यंत हाक ऐकू येते, आणि झेरॉक्स अर्धी टाकून माझी भावजय धावत सुटते.

"इरोमे! आगं ए इरोमे! तुज्या झाडाकडं बगतीया बग माजी शेळी, लवकर ये!"